तेत्सुया इशिदा: दाराबाहेर उभं राहून काढलेली चित्रं

नेहमीसारखाच हा बोललेल्या भागाचा लेखी मजकूर आहे. मधले 'म्हणजे कसंय ना' आणि 'ते हे आपलं' काढून टाकलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय. आजचा विषय चित्रांचा आहे आणि कानाने चित्र दिसत नाही, ही अडचण आहेच. म्हणून एक करा: चित्राचं नाव आलं की जरा थांबा, फोनवर शोधा, बघा, आणि मग पुढे वाचा. मी वर्णन करतोच आहे, पण वर्णन शेवटी वर्णनच.

सुरुवात एका चित्रापासून. साल १९९६. जपानमध्ये जागोजागी असतं तसं झटपट जेवणाचं हॉटेल. काउंटरला लागून सूट-टाय घातलेले पुरुष ओळीने बसलेत. काउंटरच्या पलीकडे युनिफॉर्ममधले कर्मचारी उभे आहेत आणि त्यांच्या हातात पेट्रोल पंपावर असतो तो नॉझल आहे. तो नॉझल थेट गिऱ्हाइकाच्या तोंडात. कोणी ओरडत नाही, कोणी विरोध करत नाही. टाकी भरली की गाडी निघेल, एवढंच. चित्राचं नाव आहे 'इंधन भरल्यासारखं जेवण'.

आता त्या माणसांचे चेहरे बघा. एकच चेहरा आहे. डोळे थोडे ओले, नजर कुठेतरी बाजूला, ओठ मिटलेले. हा चेहरा पुढची नऊ वर्षं त्याच चित्रकाराच्या जवळपास प्रत्येक चित्रात परत परत येतो. कधी शाळकरी पोराच्या धडावर, कधी विमानाच्या सांगाड्यात, कधी खोक्यात. चित्रकाराचं नाव तेत्सुया इशिदा. जन्म १९७३, मृत्यू २००५. म्हणजे उणीपुरी एकतीस वर्षं. हातात ब्रश घेऊन गंभीरपणे काम केलं ते साधारण दहा वर्षं, आणि त्यात दोनशेच्या घरात चित्रं.

जगभर त्याची ओळख करून देताना एक ओळ हमखास येते: 'जपानी सॅलरीमॅनचं दुःख रंगवणारा चित्रकार'. सॅलरीमॅन म्हणजे मोठ्या कंपनीतला पगारदार, सकाळी लोकलमध्ये कोंबला जाणारा, रात्री साहेबाबरोबर प्यायला बसणारा. ओळख खोटी नाही. पण त्यात एक गोष्ट निसटते, आणि माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची आहे. इशिदा स्वतः कधी सॅलरीमॅन झालाच नाही. ज्या दाराआडच्या माणसांची चित्रं त्याने काढली, त्या दाराबाहेर तो उभा होता. आजचा भाग त्या दाराबद्दल आहे.

बंदरावरचं गाव

इशिदाचा जन्म याइझूचा. शिझुओका प्रांतातलं मासेमारीचं बंदर, टूना माशासाठी प्रसिद्ध. चार भावांमध्ये हा धाकटा.

याइझूचं नाव जगाच्या इतिहासात एका वेगळ्याच कारणाने आहे. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने पॅसिफिकमधल्या बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. स्फोट अपेक्षेपेक्षा कितीतरी मोठा झाला. त्या वेळी याइझूची एक टूना पकडणारी बोट, दाइगो फुकुर्यू मारू, त्या समुद्रात होती. नावाचा अर्थ 'भाग्यवान ड्रॅगन, क्रमांक पाच'. बोटीवर तेवीस खलाशी होते. त्यांच्यावर किरणोत्सारी राख पडली. ते दोन आठवड्यांनी बंदरात परत आले तेव्हा आजारी होते. रेडिओ ऑपरेटर आइकिची कुबोयामा त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गेला. या घटनेने जपानमध्ये अण्वस्त्रविरोधी चळवळ उभी राहिली.

याचा इशिदाशी संबंध काय? बेन शान नावाचा एक अमेरिकन चित्रकार होता. १९५० च्या दशकाच्या शेवटी त्याने या बोटीवरच्या लेखांसाठी चित्रं काढली, आणि नंतर त्यातूनच 'लकी ड्रॅगन' ही चित्रमालिका केली. शानच्या चित्रांत स्फोटाचा तमाशा कमी आणि माणसं जास्त. आजारी खलाशी, त्याच्या घरचे, डॉक्टर. इशिदा मोठा होत असताना शान हा त्याचा आदर्श झाला. ब्रशच्या एकेका फटकाऱ्याने जग थोडंथोडं वाचतं असा खरोखर विश्वास असणारे, संतांसारखे चित्रकार आपल्याला ओढून घेतात, अशा अर्थाचं त्याने लिहून ठेवलंय. हे वाक्य लक्षात ठेवा. इशिदाची चित्रं बघून 'किती निराश माणूस' असं पटकन वाटतं. पण त्याने स्वतःसाठी जो मापदंड ठरवला होता तो निराशेचा नव्हता. त्याला साक्षीदार व्हायचं होतं. शानने याइझूच्या खलाशांसाठी जे केलं, ते त्याला स्वतःच्या पिढीसाठी करायचं होतं.

फक्त त्याच्या पिढीवर बॉम्ब पडला नव्हता. तिच्यावर जे पडलं ते हळूहळू आणि कागदोपत्री पडलं.

बंद झालेलं दार

आता जरा अर्थशास्त्र. कंटाळू नका, पाच मिनिटांत आटोपतो.

२९ डिसेंबर १९८९ ला टोकियो शेअर बाजाराचा निक्केई निर्देशांक ३८,९१५ वर बंद झाला. जमिनीचे भाव असे की जणू उद्या नसेलच. मग फुगा फुटला. ऑगस्ट १९९२ मध्ये निक्केई १५,००० च्या खाली होता. १९८९ चा तो आकडा परत ओलांडायला फेब्रुवारी २०२४ उजाडावं लागलं. चौतीस वर्षं!

पण शेअर बाजारापेक्षा मोठा फटका बसला तो नोकरभरतीला. तिथली पद्धत समजून घ्या, कारण ती आपल्या कॅम्पस प्लेसमेंटची मोठी बहीण आहे. जपानमध्ये मोठ्या कंपन्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना एकगठ्ठा निवडायच्या आणि पदवी मिळाली की एप्रिलमध्ये सगळे एकत्र रुजू व्हायचे. एकदा आत गेलात की निवृत्तीपर्यंत नोकरी पक्की. त्या बदल्यात बदली, ओव्हरटाइम, साहेबाची मर्जी, सगळं मुकाट्याने. सौदा कडक होता, पण सौदा होता.

यातली ग्यानबाची मेख अशी की दार वर्षातून एकदाच उघडायचं, आणि फक्त ताज्या पदवीधरांसाठी. मंदी आली तेव्हा कंपन्यांनी आतल्यांना काढण्याऐवजी बाहेरच्यांना घेणं कमी केलं. म्हणजे किंमत मोजली ती त्याच वर्षांत पदवी घेणाऱ्यांनी. एक वर्ष हुकलं की तुम्ही 'ताजे' राहत नाही. मग हंगामी काम, कंत्राटी काम, पार्ट-टाइम. जपानीत या काळाला 'नोकऱ्यांचं हिमयुग' म्हणतात आणि त्यात सापडलेल्यांना 'हिमयुगाची पिढी'.

आपल्याकडे इंजिनिअरिंग केलेल्या कोणालाही हे वेगळं समजावायला नको. ॲप्टिट्यूड, जीडी, टेक्निकल, एचआर. सीझन चालू असताना तुम्ही 'करंट बॅच', संपला की 'पासआउट'. गुण तेच, माणूस तोच, फक्त शिक्का बदलतो. माझ्या बॅचमध्ये ज्यांचं त्या चार महिन्यांत जमलं नाही, त्यांतल्या काहींना पुढची दोन-तीन वर्षं प्रत्येक मुलाखतीत 'मधल्या काळात काय करत होता?' याचंच उत्तर द्यावं लागलं.

इशिदाने टोकियोच्या मुसाशिनो कला विद्यापीठात प्रवेश घेतला १९९२ साली. घरच्यांना हे पसंत नव्हतं. त्यांना मुलगा शिक्षक वगैरे व्हायला हवा होता, त्यामुळे पैशाचा हातही आखडता होता. तो शिकला व्हिज्युअल कम्युनिकेशन डिझाइन, म्हणजे पोस्टर, जाहिरात, मांडणी. बाहेर पडला १९९६ मध्ये, ऐन हिमयुगात. मित्र इसामू हिराबायाशी, जो पुढे चित्रपट दिग्दर्शक झाला, त्याच्याबरोबर सिनेमा आणि ग्राफिक यांचा मेळ घालणारं काहीतरी करायचं ठरलं. पण मंदीत त्या उद्योगाचं रूपांतर चारचौघांसारख्या डिझाइनच्या कामात व्हायला लागलं, तेव्हा इशिदा बाहेर पडला. पोटासाठी रात्रपाळीची पार्ट-टाइम कामं, आणि उरलेला वेळ छोट्या भाड्याच्या खोलीत चित्रं. खोलीपेक्षा चित्रंच मोठी वाटावीत अशी परिस्थिती.

पोस्टरच्या मापाचं दुःख

इथे एक तांत्रिक तपशील सांगतो, कारण मला तो फार आवडला. इशिदाच्या अनेक चित्रांचं माप आहे १०३ बाय १४५.६ सेंटिमीटर. हे माप आलं कुठून? जपानी कागदाच्या मापांत बी-झिरो नावाचा आकार असतो, १०३० बाय १४५६ मिलिमीटर. मोठ्या पोस्टरचा आकार. म्हणजे हा माणूस कॅनव्हास-तैलरंगाच्या परंपरेतून आलेला नाही. तो पोस्टरच्या बोर्डावर ॲक्रिलिकने रंगवतोय. मोठं चित्र हवं असेल तर दोन बोर्ड शेजारी शेजारी. 'इंधन भरल्यासारखं जेवण' असंच दोन बोर्डांचं आहे.

आणि पोस्टरचा धर्म काय? एका नजरेत कळलं पाहिजे. इशिदाची चित्रं तशीच कळतात. कोणी समजावून सांगायला लागत नाही. १९९५ मध्ये, कॉलेजात असतानाच, त्याला 'हितोत्सुबो-तेन' या स्पर्धेत सर्वोच्च पुरस्कार मिळाला. हितोत्सुबो म्हणजे एक त्सुबो, जागा मोजायचं जपानी माप, सुमारे ३.३ चौरस मीटर. स्पर्धकाला मांडणीसाठी तेवढीच जागा! ही स्पर्धा ग्राफिक कलाकारांची होती, आणि इशिदाची सुरुवात ललित कलेच्या मोठ्या दालनांत न होता इथे झाली. नंतर तरुण चित्रकारांसाठी मानाच्या समजल्या जाणाऱ्या वोका प्रदर्शनात २००१ साली त्याला प्रोत्साहनपर पुरस्कारही मिळाला. म्हणजे हयातीत अगदीच कोणी विचारलं नाही अशातला भाग नाही. पण चित्रांवर घर चालावं इतकंही काही झालं नाही.

आता काही चित्रं सालवार बघू.

१९९६, 'उडता न येणारा माणूस'. जत्रेत किंवा बागेत नाणं टाकलं की हलणारं मुलांचं विमान असतं ना, तसं एक विमान. पण विमानाचा मधला भाग म्हणजे माणूस. शर्ट, टाय आणि तोच चेहरा. पंख आहेत, पंखा आहे, पण विमान खांबाला जखडलेलं. गोल गोल फिरायचं, तेही कोणी नाणं टाकलं तर. आणि बाग ओस पडलेली आहे.

१९९८, 'मुलाखत'. टेबलाच्या एका बाजूला उमेदवार. पलीकडे मुलाखत घेणारे, आणि ते चक्क सूक्ष्मदर्शक आहेत, प्रयोगशाळेतले मायक्रोस्कोप, खाली वाकून त्याच्याकडे बघणारे. विनोद सरळ आहे, लगेच हसू येतं. मग जाणवतं की मायक्रोस्कोपला माणूस दिसतच नाही. त्याला पेशी दिसतात.

त्याच वर्षीचं 'अंकुर' हे शाळेच्या वर्गाचं चित्र. शिक्षक पुस्तक घेऊन उभे, मुलं बाकांवर. त्यांतली काही मुलंच मायक्रोस्कोप झालेली. आता ही दोन चित्रं शेजारी ठेवा. 'मुलाखत'मध्ये जे बघतात ते यंत्र आहेत, 'अंकुर'मध्ये जे बघितले जातात तेच यंत्र व्हायला लागलेत. म्हणजे आज वर्गात बसलेलं पोर उद्या टेबलाच्या पलीकडे बसणार आहे. इशिदा दोषी शोधत नाहीये. तो साखळी दाखवतोय.

१९९९, 'कैदी'. शाळेची इमारत, आणि तिच्यात एक अवाढव्य मुलगा चिणलेला. डोकं तेवढं बाहेर. खाली मैदानात छोटी छोटी मुलं नेहमीसारखी. त्यांना काही वावगं वाटत नाही.

आणि १९९८ चं 'रिकॉल'. हे नाव तुम्हाला गाड्यांच्या बातम्यांमुळे माहीत असेल. कंपनीच्या मालात दोष निघाला की माल परत मागवतात. चित्रात घरातली खोली आहे. खोक्यात थर्माकोलच्या साच्यात माणूस सुट्या भागांत नीट बसवलेला, टीव्ही किंवा मिक्सर येतो तसा. समोर दुरुस्तीवाला तपासायला आलेला, आणि घरची माणसं मयताला बसावं तशी बसलेली.

या चित्रापाशी मी जरा अडकतो. आमच्या धंद्यात माणसाला 'रिसोर्स' म्हणायची पद्धत आहे. 'या स्प्रिंटला दोन रिसोर्स कमी पडतायत', 'तो रिसोर्स बेंचवर आहे', 'रिसोर्स रिलीज करा'. हे बोलणारी माणसं वाईट नसतात. मीही बोलतो, रोज बोलतो, कारण मीटिंगमध्ये तेच शब्द चालतात. 'रिकॉल'मध्येही दुरुस्तीवाला दुष्ट नाही. गुडघे टेकून, काळजीने काम करतोय. भीती वाटते ती नेमकी त्या काळजीची. सगळे आपापलं काम नीट करतायत, आणि खोक्यात माणूस आहे.

सालांकडेही बघा. नोव्हेंबर १९९७ मध्ये यामाइची सिक्युरिटीज ही जपानमधली चार बड्या दलाली कंपन्यांपैकी एक बंद पडली. १८९७ साली स्थापन झालेली, म्हणजे शंभर वर्षांची. हजारो कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या. कंपनीचे अध्यक्ष पत्रकार परिषदेत रडले, आमच्या लोकांची काही चूक नाही म्हणाले. त्याच महिन्यात होक्काइदो ताकुशोकू ही मोठी बँकही कोसळली. तोपर्यंत दाराबाहेरचे गारठत होते, आता दाराच्या आतलेही सुरक्षित नव्हते. १९९८ मध्ये देशातल्या आत्महत्यांचा आकडा एका वर्षात आठ हजारांहून जास्त वाढून तीस हजारांच्या वर गेला आणि पुढे बारा-चौदा वर्षं तो तीस हजारांखाली आलाच नाही. 'रिकॉल' आणि 'मुलाखत' ही त्या वर्षाची चित्रं आहेत.

तो चेहरा कोणाचा

मग तो चेहरा कोणाचा? सोपं उत्तर म्हणजे इशिदाचा स्वतःचा. फोटो बघितले तर साम्य दिसतंच. तो मागे बऱ्याच वह्या ठेवून गेला. रेखाटनं, टिपणं, कल्पना. त्याच्या लिहिण्याचा सूर असा की सुरुवात आत्मचित्रापासूनच झाली. स्वतःचा दुबळेपणा, स्वतःची काळजी घ्यायची आणि तिचा विनोद करायचा, म्हणजे हसता येईल. पण करता करता तो 'मी' पसरत गेला. त्यात ग्राहक आले, शहरात राहणारे आले, कामगार आले, शेवटी सगळे जपानी आले.

आता सुरुवातीच्या मुद्द्याकडे येतो. एक माणूस ज्याला नोकरी नाही, तो नोकरदारांची चित्रं काढतोय. असं करणाऱ्याला दोन मार्ग सहज उपलब्ध असतात. पहिला, टिंगल: बघा, हे टायवाले यंत्रमानव, बरं झालं मी त्यांच्यात नाही. दुसरा, असूया: यांच्याकडे निदान पगार तरी आहे, आमच्याकडे काय? दोन्ही मार्गांत आतला आणि बाहेरचा यांच्यात भिंत राहते. हिमयुगाच्या पिढीत ही भिंत खरीच होती. बापाच्या वयाचे लोक आत, मुलाच्या वयाचे बाहेर. वर्तमानपत्रांत 'ही पोरं आळशी, यांना कष्ट नकोत' असं लिहून यायचं. पार्ट-टाइम कामं करणाऱ्यांसाठी 'फ्रीटर' शब्द होता, जो आधी ऐटीत आणि मग हिणवून वापरला जाऊ लागला.

इशिदाने तिसरं काहीतरी केलं. त्याने बाहेरच्याचा चेहरा आतल्याच्या धडावर बसवला. काउंटरवर नॉझल तोंडात घेतलेला सॅलरीमॅन आणि त्याच्याकडे काचेबाहेरून बघणारा बेकार तरुण एकच आहेत, असं त्याने म्हटलं, आणि तेही भाषण न देता. जो आत गेला तो यंत्राचा भाग झाला. जो बाहेर राहिला तो निकामी माल ठरला. दोघांना मोजायची फूटपट्टी एकच. मला वाटतं म्हणून त्या चेहऱ्यावर राग नाही. रागाला समोर कोणीतरी लागतो.

हाच फरक त्याला त्याच्या काळातल्या बाकी जपानी कलेपासून वेगळा करतो. ताकाशी मुराकामी, १९६२ चा. त्याने २००० साली 'सुपरफ्लॅट' ही कल्पना मांडली, आणि २००३ मध्ये लुई व्हितॉनच्या बॅगांवर त्याचे रंगीत शिक्के झळकले. योशितोमो नारा, १९५९ चा, मोठ्या डोळ्यांच्या रुसलेल्या मुलींची चित्रं काढणारा. दोघेही मोठे कलाकार, आणि दोघांच्याही कामात वाटतो तेवढा गोडवा नाही. पण जगाने त्या वर्षांत जपानकडून घेतलं ते गोड, चमकदार, विकत घेता येणारं रूप. इशिदाही त्याच देशात, त्याच दशकात, त्याच कॉमिक आणि जाहिरातींच्या भाषेत बोलत होता. फक्त त्याच्या चित्रातला माल म्हणजे माणूस होता. त्याची बॅग कोण घेणार?

शेवटची वर्षं, आणि शेवट

२००० नंतर चित्रं बदलतात. यंत्र-माणसाचा थेट विनोद कमी होत जातो. टाय दिसेनासे होतात. चेहरा लहान होतो, कोवळा होतो. वॉशबेसिन, पाणी, पलंग, दवाखाना, झाडं, जुनी खेळणी. बऱ्याच चित्रांना नावंच नाहीत. पोस्टरसारखं एका नजरेत कळणं संपतं, आणि तुम्हाला चित्रासमोर थांबावं लागतं. आधीच्या चित्रांत व्यवस्था दिसायची. इथे व्यवस्था निघून गेल्यावर उरलेला माणूस दिसतो. मला विचाराल तर त्याची सगळ्यात चांगली चित्रं यांतच आहेत. कल्पना सुचणं वेगळं, आणि कल्पना बाजूला ठेवून बघत राहणं वेगळं.

२३ मे २००५ ला टोकियोतल्या माचिदा भागात रेल्वे फाटकावर ट्रेनच्या धडकेत त्याचा मृत्यू झाला.

यावर मी जास्त बोलणार नाही, आणि त्याचं कारण सांगतो. इशिदावर लिहिणारे बहुतेक जण या तारखेपासून सुरुवात करतात आणि मग मागे मागे जात प्रत्येक चित्रात तिची चाहूल शोधतात. असं केलं की सगळी चित्रं एका माणसाच्या मनाच्या तब्येतीचा रिपोर्ट होतात. 'बिचारा, त्याला आधीच...' आणि आपण सुटलो! चित्र त्याचं, आजार त्याचा, देश त्याचा. पण इतिहास वाचायचा तर सालं पुढे जातात तसाच वाचायला हवा. १९९६ च्या इशिदाला २००५ माहीत नव्हतं. तो पेट्रोल पंपाच्या नॉझलवर हसत होता. तेवीस वर्षांच्या पोराचा विनोद आहे तो, तिखट आणि चपखल. त्याला शोकसंदेश करून टाकणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

मृत्यूनंतर नाव झपाट्याने वाढलं. २००६ मध्ये एनएचकेच्या रविवारच्या कलाविषयक कार्यक्रमात त्याच्यावर भाग झाला आणि सामान्य प्रेक्षकांना तो कळला. हाँगकाँगच्या लिलावांत चित्रांचे भाव चढले. घरच्यांनी बरीच चित्रं शिझुओका प्रांताच्या कला संग्रहालयाला दिली. 'इंधन भरल्यासारखं जेवण', 'कैदी', 'उडता न येणारा माणूस' तिथेच आहेत, याइझूपासून फार लांब नाही. २०१५ च्या व्हेनिस बिएनालेत त्याची चित्रं लागली. २०१९ मध्ये माद्रिदच्या रेना सोफिया संग्रहालयाने मोठं प्रदर्शन भरवलं, जे पुढे शिकागोला गेलं. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या गॅगोसियन गॅलरीत ऐंशीहून जास्त चित्रं एकत्र आली.

माद्रिदच्या प्रदर्शनाचं नाव मला नेमकं वाटतं: 'दुसऱ्याचं आत्मचित्र'. स्पेनमध्ये २००८ नंतरच्या मंदीत तरुणांची बेकारी पन्नास टक्क्यांच्या पुढे गेली होती. त्या प्रेक्षकांना 'मुलाखत' बघताना जपानची सांस्कृतिक पार्श्वभूमी कोणी समजावली नसेल तरी चाललं असेल.

म्हणून 'जपानी सॅलरीमॅनचं दुःख' ही ओळ मला खटकते. तिच्यात 'जपानी' आणि 'सॅलरीमॅन' या दोन शब्दांनी आपण त्या चेहऱ्याला लांब ठेवतो. तिकडची माणसं, तिकडची कामाची सवय, तिकडचा स्वभाव. पण इशिदाच्या चित्रांमागे स्वभाव नव्हता, भरतीची एक पद्धत होती, एक मंदी होती, आणि त्या पद्धतीला माणूस मोजायला मायक्रोस्कोपच पुरेसा वाटत होता. या तिन्ही गोष्टी कुठेही जमू शकतात. ज्यांनी कधी 'ऑफर ऑन होल्ड' असा मेल वाचलाय, त्यांना मी अजून काय सांगणार?

शानने याइझूच्या तेवीस खलाशांना चेहरे दिले. याइझूच्याच मुलाने नंतर उलटं केलं: एकच चेहरा घेतला आणि तो कोणाकोणाचा आहे ते दाखवत गेला. जग किती वाचलं ते सांगता येत नाही. पण जे लोक त्या वर्षांत आत गेले आणि जे बाहेर राहिले, ते दोघंही कोणीतरी एकाच चित्रात, एकाच नजरेने, न हिणवता बघितले. एका दशकात, भाड्याच्या खोलीत, रात्रपाळी करून. मला हे पुष्कळ वाटतं.

तर मंडळी, आज एवढंच. चित्रं मात्र नक्की बघा, आणि सुरुवातीची विनोदी बघून थांबू नका. २००० नंतरची, बिननावाची, ती पण बघा. कोणतं चित्र डोक्यात राहिलं ते कळवा. भेटू पुढच्या भागात.